बूड फोडलेला कप

मार्चमधल्या त्या शनिवारनंतर कचरा डेपोच्या डोंगरातून भांडी वाजायला लागली.

रोज दिवस कलला की वाजायची. आवाज मोठा नव्हे. जेवणं उरकून चार बायका भांडी विसळत असाव्यात, कपाला कप लागावा, बशीत चमचा पडावा, एवढाच. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या सायप्रस फोर्क गावच्या लोकांनी आधी म्हटलं, वारा असेल. मग पान हलत नव्हतं अशा संध्याकाळीही वाजलं तेव्हा म्हटलं, घुशी असतील. व्हर्डेल ग्रँट पडवीतल्या झुलत्या खुर्चीवर बसून ऐकायची आणि काही बोलायची नाही. घुशी भांडी विसळत नाहीत हे तिला कळत होतं. भांडी कुणाची आहेत तेही कळत होतं.

व्हर्डेल ही नव्या एलीम चर्चची मदर. म्हणजे मंडळीतली सगळ्यांत थोर बाई. रविवारी पांढरा झगा, पांढरी टोपी, पांढरे हातमोजे घालून ती पहिल्या बाकाच्या उजव्या टोकाला बसायची, आणि उपदेश लांबला तर हातमोजे काढायला लागायची. एक हातमोजा निघाला की पाळकाने आवरतं घ्यायचं असतं, हे नवीन पाळकाला कुणीतरी आधीच सांगून ठेवायचं. तिने एक्क्याऐंशी वर्षांत नऊ पाळक येताना-जाताना पाहिले होते आणि त्यांतल्या सहांना जायला मदत केली होती.

रस्त्यापलीकडे जुनं एलीम. ते गोऱ्यांचं. गुलामीच्या काळात एलीम एकच होतं: गोरे खाली बाकांवर, काळे वर माळ्यावर. गुलामी सुटली तसे काळे जिना उतरले ते रस्ता ओलांडूनच थांबले. तेव्हापासून दीडशे वर्षं दोन्हीकडच्या घंटा एकाच वेळी वाजत आल्या, आणि एकीकडच्यांनी दुसरीकडची दारं आतून कधी पाहिली नाहीत.

मग डेपो आला. कुठे करायचा ते ठरवणाऱ्यांनी नकाशावर काळ्यांची वस्ती शोधून बरोबर तिच्या पाठीशी बोट ठेवलं. काही वर्षांत तिथे डोंगर झाला, डोंगराचं काळं पाणी जमिनीत उतरलं, आणि व्हर्डेलच्या नळाला कुजक्या अंड्यांचा वास यायला लागला. पण जमिनीखालच्या पाण्याला रस्ता कळत नाही. हळूहळू ते पलीकडेही पोचलं. तेव्हा जुन्या एलीमला शेजारी आठवले. त्यांचे तरुण पाळक कोल रस्ता ओलांडून आले, नव्या एलीमचे पाळक लेम्युएल फुलवुड यांच्यासोबत गुडघे टेकून रडले, आणि दोन्ही मंडळ्यांचं समेटाचं काम सुरू झालं. महिन्यातून एकदा एकत्र उपासना, एकत्र जेवण, आणि डेपोविरुद्ध एकत्र अर्ज.

व्हर्डेल पहिल्या जेवणाला गेली, त्यांचं बटाट्याचं सॅलड एक चमचा खाल्लं, आणि कोलसाहेबांना म्हणाली, "माझ्या नळाला वास येऊन नऊ वर्षं झाली. तुमच्या नळाला नऊ महिने. हा समेट नळातनं आला म्हणायचा." त्यानंतर ती गेली नाही.

आता डेपो चालवणाऱ्या कंपनीला कचऱ्यासाठी तिसरा खड्डा हवा होता, आणि त्यासाठी तिने मागितलं होतं कपबशांचं रान.

ते नाव कागदावर कुठे नव्हतं. काळ्यांच्याच तोंडी होतं. गुलामीपासून पुढे शंभर वर्षं त्यांनी आपली माणसं त्या रानात पुरली. दगड नाहीत, दगड पैसेवाल्यांचे. माणूस गेलं की त्याने शेवटचं ज्यातून प्यायलं-खाल्लं ते भांडं घ्यायचं, त्याचं बूड फोडायचं आणि मातीवर ठेवायचं. कुणाचा कप, कुणाचा वाडगा, कुणाची औषधाची बाटली, कुणाचं बंद पडलेलं घड्याळ. बूड अशासाठी फोडायचं, की भांडं आता कामाचं नाही हे गेलेल्याला कळावं आणि त्याच्या ओढीने त्याने घरी परत येऊ नये. आणि ते भांडं कुणी उचलायचं नाही. उचललं तर त्याचा धनी मागून चालत येतो.

मार्चमधल्या त्या शनिवारी जुन्या एलीमची तीस-पस्तीस माणसं हातमोजे घालून, नारिंगी पिशव्या घेऊन त्या रानात शिरली. रान म्हणजे उकिरडा नाही, देवाची निर्मिती आहे, हे खड्ड्याच्या परवानगीच्या सुनावणीआधी दाखवून द्यावं म्हणून त्यांनी साफसफाई काढली होती. कोण जास्त कचरा गोळा करतो याची चढाओढ लावली. गाणी म्हटली, सँडविच खाल्ले. आणि दिसली तेवढी फुटकी भांडी वेचून, देवाच्या नावाने, ज्या डोंगराशी भांडायचं त्याच डोंगरावर नेऊन ओतली.

कंपनीची माणसं पुढच्याच आठवड्यात रान मोजायला आली. त्यांनी लिहून नेलं, दगड नाही, खूण नाही, स्वच्छ जंगल आहे. कबरी असतील तर कुठे आहेत ते सुनावणीत दाखवा.

सुनावणी गुरुवारी होती. व्हर्डेलला कबरी कुठे आहेत हे माहीत होतं, पण ते भांड्यांवरून. भांडी गेली तशी ती रानात जाऊन आली आणि आपल्याच घरात अंधारात चाचपडावं तशी फिरून परतली. तिची आई तिथे होती, आजी होती, आणि गसी होती. कुठे आहेत ते आता तिला बोट ठेवून सांगता येत नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती. साफसफाईच्या आधी जुन्या एलीमकडून एक पत्र आलं होतं. कपबशांच्या रानाचं काहीही असो, आधी मदरला विचारायचं, ही रीत. म्हणून फुलवुडसाहेबांनी ते बंद पाकीटच तिच्या हातात दिलं होतं. व्हर्डेलची शाळा तिसरीत सुटली, तंबाखूच्या शेतात. पत्रं नात शनीस वाचून दाखवायची. हे पत्र तिने शनीसला दाखवलं नाही. गोऱ्यांचं बोलावणं, त्यात वाचायचं काय. ते अजून तिच्या बायबलखाली होतं, न फोडलेलं, आणि हे कुणाला ठाऊक नव्हतं.

मंगळवारी सकाळी एर्लीन मक्कचन तिच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

एर्लीन अठ्ठ्याहत्तरची, जुन्या एलीमच्या कारभारी पंचांतल्या एकाची विधवा. तिथल्या वेदीवरची फुलं तीच लावायची. केस नेहमी पार्लरमधून आल्यासारखे. त्या दिवशी विंचरलेले नव्हते. हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि टॉवेल ठिबकत होता.

"मिसेस ग्रँट, मी एर्लीन—"

"कोण ते ठाऊक आहे. तुझ्या आईचे कपडे माझ्या आईने अठरा वर्षं धुतले. तुझी झबलीसुद्धा."

एर्लीनने मान खाली घातली. आत ये असं व्हर्डेल म्हणाली नाही. तेव्हा एर्लीनने पायरीवरच टॉवेल उलगडला. आत निळ्या काठाचा इनॅमलचा एक लहान कप होता आणि कपात जांभळ्या फुलांचं रोपटं. रोपटं नको तितकं माजलं होतं. पानं तळहाताएवढी, आणि फुलं मधोमध काळी.

ती सांगायला लागली. साफसफाईच्या दिवशी हा कप तिला पानांत सापडला. बुडाला भोक होतं. कुंडीला असतं तसं. तिला तो गोड वाटला, म्हणून तिने पिशवीत न टाकता खिशात टाकला आणि घरी नेऊन त्यात रोप लावलं.

"मी याला पाणी घालत नाही हो," ती म्हणाली. "तीन आठवडे झाले, थेंब घातलेला नाही. तरी रोज सकाळी खालची बशी भरलेली असते. काळ्या पाण्याने. ओतली की परत भरते." ती थांबली. "आणि स्वयंपाकघरात नळाखालच्या कपाटावर ओले हात उमटतात. एवढ्याशा उंचीवर." तिने आपल्या मांडीपाशी हात धरला. "माझ्या घरात लहान मूल नाही. नातवंडं सगळी लांब आहेत."

व्हर्डेलने कप हातात घेतला आणि रोपट्यासकट उलटा केला. भोक मधोमध नव्हतं, काठाकडे सरकलेलं होतं. शेजारी एक पोचा होता, खिळा आधी घसरला तिथला.

तो खिळा तिने धरला होता. ती सात वर्षांची होती आणि तिची बहीण गसी चार वर्षांची. गसीला ताप भरला. तापात पाणी दिलं तर पोर दगावतं, असं तेव्हा म्हणत. आजीने दोन दिवस पाण्याचा थेंब द्यायचा नाही म्हणून सांगितलं. गसी रिकामा कप धरून व्हर्डेलकडे बघायची. व्हर्डेल शहाणी, सांगितलेलं ऐकणारी पोर. तिने दिलं नाही. तिसऱ्या दिवशी आजीने तिच्या हातात खिळा आणि दगड दिला आणि म्हणाली, तुझी बहीण, तूच फोड. पहिला घाव घसरला.

"कप उचलला की कपाचा धनी मागून येतो," व्हर्डेल म्हणाली. "म्हणून फोडतात."

"मला वाटलं, कुंडी."

"भोक दिसलं, आणि तुला कुंडी आठवली."

व्हर्डेलला हसू येणार होतं, ते आलं नाही. तिने खुर्चीला टेकवलेली काठी घेतली आणि आतल्या शनीसला हाक मारून गाडी काढ म्हणाली.

निघण्याआधी तिने रोपटं उपटून एका फुटक्या किटलीत लावलं, कप घासून धुतला, आणि दुकानातून आणलेल्या पाण्याच्या कॅनमधून तो काठोकाठ भरला. नळाचं पाणी घेतलं नाही. शनीस म्हणाली, "आजी, भोक आहे त्याला." व्हर्डेल म्हणाली, "माहीत आहे." तिने कप एर्लीनच्या हातात दिला. ज्याने नेलं त्यानेच आणायचं असतं.

पाणी गळलं नाही.

शनीस इस्पितळात नर्स होती. रोज माणसं मरताना बघणारी. तिने वाकून कपाखालून पाहिलं. भोकातून पाणी दिसत होतं, फुगून आलेलं, पण पडत नव्हतं. ती सरळ झाली आणि गाडीत बसली. गाडी खड्ड्यांतून गेली, काठावरून चार थेंब सांडले असतील. खालून एकही नाही.

रान वाईट दिसत होतं. कुणीतरी आपल्या घरातली माणसं उठवून घर झाडून ठेवावं तसं. झाडांवरून राखाडी शेवाळ लोंबत होतं, खाली पानं होती आणि पानांत काही नव्हतं. पाखरू बोलत नव्हतं. मागे डोंगरावर कंपनीची गाडी घरघरत होती. शनीस रानाच्या तोंडाशीच थांबली. दोघी म्हाताऱ्या आत गेल्या. एर्लीन कप धरून पुढे, व्हर्डेल काठी टेकत मागे, नजर कपाच्या बुडावर.

"कुठून उचललास?"

"आठवत नाही. खरंच आठवत नाही. बाकीच्या सगळ्याचे फोटो आहेत, याचा नाही."

"कसले फोटो?"

एर्लीन चालता चालता बोलत राहिली. चढाओढीत कुणी लबाडी करू नये म्हणून नियम होता, वस्तू जिथे पडली असेल तिथे आधी तिचा फोटो काढायचा, मग उचलायची. फोटोसोबत फोन जागाही नोंदून ठेवतो. एकशे अडतीस फोटो झाले. चर्चच्या दालनात भिंतीवर लावले होते, हसऱ्या चेहऱ्यांच्या मध्ये. मग कुणीतरी सांगितलं की त्या कबरी होत्या. त्याच संध्याकाळी फोटो उतरवले. चर्चचा वकील म्हणाला, कबरींना हात लावणं गुन्हा आहे, कुणी तोंड उघडायचं नाही. कोलसाहेब दोन रात्री चर्चमध्ये गुडघ्यांवर होते, पण गप्प होते. फोटो फुलदाण्यांच्या कपाटात ठेवले आहेत आणि त्या कपाटाची किल्ली एर्लीनकडे असते.

व्हर्डेल उभी राहिली. म्हणजे खुणा होत्या. सगळ्या होत्या, रस्त्यापलीकडे, फुलदाण्यांमागे.

"ते गुरुवारी आण," म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि शब्द निघेना. एक्क्याऐंशी वर्षांत तिने यांच्याकडे काही मागितलं नव्हतं.

एर्लीनच म्हणाली, अगदी हळू, "आम्ही आधी विचारलं होतं, मिसेस ग्रँट. कोलसाहेबांनी पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. आम्हाला वाटलं, तुमची हरकत नाही."

व्हर्डेलने काठी दोन्ही हातांनी धरली.

तेवढ्यात कपातलं पाणी गेलं. थेंब थेंब नाही. एकदम, सगळं. आणि ते जमिनीवर पडल्याचा आवाज आला नाही. आवाज आला तो घोटाचा. तहानलेलं पोर घटाघटा पितं आणि मग श्वास घेतं, तसा. दोघींनी ऐकला. एर्लीनने कप सोडला नाही, हे तिच्याबद्दल म्हणायला हवं. पायाखालची पानं कोरडी होती.

व्हर्डेल वाकली. गुडघे नको म्हणत असताना ती खाली बसली आणि पानं बाजूला केली. खाली जमीन खोलगट होती. चार वर्षांच्या पोराएवढीच.

"दे," ती म्हणाली. कप तिने तिथे आडवा टेकवला, बुडाचं भोक डोंगराकडे करून. मग एर्लीनने तिला हाताला धरून उठवलं, आणि तिने उठवू दिलं.

त्या संध्याकाळी तिने शनीसला बायबलखालचं पत्र काढायला सांगितलं. शनीसने पाकिटावरची तारीख पाहिली, मग आजीकडे पाहिलं, मग फोडलं. पत्र लांब नव्हतं. हे रान आम्हाला ठाऊक नाही, असं कोलसाहेबांनी लिहिलं होतं. तुमच्या थोरांपैकी कुणी आमच्यासोबत चालाल का? तिथे आम्ही हात लावू नये असं काही असेल तर ते सांगाल का?

शनीसने पत्र घडी करून टेबलावर ठेवलं. बाहेर भांडी वाजायला लागली. रोज डोंगरात वाजायची. त्या दिवशी पायरीशी वाजली. कपावर कप, बशीत चमचा, अगदी सावकाश, कुणाला घाई नसल्यासारखी. व्हर्डेल ताठ बसून राहिली आणि दार उघडायला उठली नाही.

गुरुवारी सुनावणीला शाळेचं दालन भरलं होतं. डावीकडे गोरे, उजवीकडे काळे; समेटाचं काम दोन वर्षं चालूनही खुर्च्या आपोआप तशाच भरल्या होत्या. परवानगी देणाऱ्या जिल्हा मंडळाचे पाच जण समोर. कंपनीचा वकील गोड बोलणारा होता. तो म्हणाला, कुणाच्या भावना दुखवायच्या नाहीत, पण आम्ही इंच न् इंच पाहिला, तिथे काही नाही.

फुलवुडसाहेब बोलले, चांगलं बोलले, पण हातात काही नव्हतं. मग एर्लीन उठली. छातीशी बुटांचं खोकं धरलं होतं. तिच्या रांगेतल्या बायकांनी पाय आखडून तिला वाट दिली आणि तिच्याकडे बघितलं नाही. तिने खोकं मंडळासमोर ठेवलं.

"तिथे काही नाही, कारण आम्ही उचललं," ती म्हणाली. "हे एकशे अडतीस फोटो. आम्ही कचरा समजलो. त्या कबरी होत्या."

एक तरुण गोरा उठून बाहेर गेला. मग कोलसाहेब उभे राहिले, चेहरा चुन्यासारखा, आणि म्हणाले, हे खरं आहे, आणि ते मला आधीच माहीत होतं.

कंपनीच्या वकिलाने फोटो चाळले. मोठा हुशार माणूस. त्याने जुन्या एलीमला काही विचारलंच नाही, उजवीकडे वळला. तो म्हणाला, ही जागा एवढी पवित्र असेल तर साफसफाईआधी नव्या एलीमने हरकत का घेतली नाही? त्यांना लेखी विचारलं होतं, असं मला कळतं. उत्तर दिलं नाही. म्हणजे त्यांनाही तेव्हा तिथे काही आहे असं वाटत नव्हतं, की हे आता सुचलं?

फुलवुडसाहेब अर्धवट उठले. ते तिला वाचवणार, हे व्हर्डेलला कळलं. पत्र गहाळ झालं म्हणतील. चांगला माणूस, तिच्यासाठी देवासमोर खोटं बोलेल. आणि ते खोटं पकडलं गेलं की फोटोही खोटे ठरतील.

व्हर्डेलने उजव्या हाताचा मोजा काढला. फुलवुडसाहेब सवयीने खाली बसले. मग ती काठीवर भार देऊन उभी राहिली.

"पत्र माझ्याकडे आलं," ती म्हणाली. "मी फोडलं नाही. मला वाचता येत नाही म्हणून नव्हे. वाचणारं घरात आहे. ते त्यांच्याकडून आलं होतं म्हणून फोडलं नाही." ती डावीकडे वळली नाही, पण सगळ्यांना कळलं ती कुणाबद्दल बोलते ते. "मी उत्तर दिलं असतं तर माझी आई, माझी आजी, माझी बहीण जागेवर असत्या. भांडी तुम्ही उचललीत, मी उचलू दिली. त्यांची हाडं अजून तिथेच आहेत. फोटो काढला तिथे तिथे खणू नका, लोखंडी सळई खुपसून बघा. जिथे मऊ लागेल तिथे आमचं माणूस आहे."

ती बसली. तिला मोजा परत चढवता येईना. शेजारी बसलेल्या शनीसने तो घेतला आणि लहान पोराला घालावा तसा तिच्या हातात चढवला.

मंडळाने त्या दिवशी एवढंच ठरवलं की सळई घालून पाहीपर्यंत रानाला हात लावायचा नाही. दोन आठवड्यांनी सळईवाले आले. प्रत्येक फोटोच्या जागी जमीन मऊ लागली. फोटो नव्हते अशा जागीही लागली. तिसरा खड्डा त्या रानात होणार नाही असं लिहून आलं. दोन्ही एलीमांच्या घंटा त्या दिवशी पुष्कळ वेळ वाजल्या.

पण डोंगरातली भांडी थांबली नाहीत. रान वाचलं होतं, आणि रानातली माणसं मात्र आपापल्या भांड्यांमागून डोंगरात गेली होती. कंपनी डोंगर उकरायला तयार नव्हती. नारिंगी पिशव्यांवर आता चाळीस फूट कचरा होता.

तेव्हा एर्लीनने जुन्या एलीमच्या तिजोरीतून एक वही आणली. गुलामीतली, मंडळीच्या सभासदांची. मागच्या पानांवर माळ्यावरच्यांची नावं होती. दर शनिवारी दिवस कलताना दोघी घडीच्या खुर्च्या घेऊन डेपोच्या कुंपणाशी जाऊन बसायला लागल्या. आधी व्हर्डेलने पाठ असलेली नावं घेतली. आईचं, आजीचं, सगळ्यांची. प्रत्येकाला डोंगराकडे तोंड करून सांगायची, तुझी जागा राखली आहे, घरी जा, भांडं राहू दे. एक नाव घेतलं की डोंगरातला एक आवाज कमी व्हायचा. पहिल्यांदा ती ऐकण्यातली चूक वाटली, मग दोघींनी मोजून पाहिलं आणि ते खरं निघालं.

पाठ नावं संपली तशी एर्लीन वहीतून वाचायला लागली. आडनावं नव्हती. नाव, आणि कुणाच्या मालकीचं ते. एका शनिवारी तिने वाचलं, "हॅगर, मक्कचनची," आणि आपल्याच सासरच्या आडनावावर बोट ठेवून ती थांबली.

"वाच," व्हर्डेल म्हणाली. "तिला घरी जायचंय. तुझ्या लाजेपायी तिने ताटकळायचं का?"

एर्लीनने परत वाचलं, मोठ्याने. डोंगरात एक कप वाजायचा थांबला.

जूनच्या तिसऱ्या शनिवारी शेवटचं पान झालं. एर्लीनने वही मिटली. कंपनीच्या गाड्या गेलेल्या होत्या. ऐकायला काही उरलं नव्हतं.

मग डोंगरात, खूप खोल, एक चमचा बशीत पडला.

थोड्या वेळाने पुन्हा पडला.

"नावं संपली," एर्लीन कुजबुजली. "वहीत आणखी कोणी नाही."

"वहीत नसेल," व्हर्डेल म्हणाली. तिने काठी आडवी मांडीवर घेतली आणि खुर्ची कुंपणाच्या आणखी जवळ सरकवली. "कुणीतरी लिहायचं राहिलंच असणार. बस अजून. तिचं नाव काय ते तिलाच विचारू."

चमचा थांबला.

एर्लीनने वहीचं कोरं पान उघडलं आणि पेन्सिल काढली.